जोडफोटोतला दुसरा

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा चोर आहे. हे मी पाठीमागे नाही, त्याच्या तोंडावर सांगतो.

आठ महिने मी चष्म्याचं दुकान लवकर बंद करून रॉकेट बनवत होतो. पुठ्ठ्याची नळी, वर पॅराशूट, पोटात छोटा कॅमेरा. रॉकेट तरंगत खाली येताना कॅमेरा दर सेकंदाला एक फोटो घेतो आणि तेवढ्यात वारा त्याला जरासं सरकवतो. म्हणून लागोपाठचे दोन फोटो दिसायला सारखे, पण असतात वेगळे. एक डाव्या डोळ्यापुढे, एक उजव्या डोळ्यापुढे धरला, की जमिनीवरची घरं उठून उभी राहतात. अशा जोडफोटोंची स्पर्धा होती आणि जिंकणाऱ्याला विज्ञान संग्रहालयात नोकरी.

जावईबापू आमच्याकडे जेवायला आले आणि कपाटात ठेवलेल्या माझ्या जोडफोटोतला डावा फोटो खिशात घालून गेले. एकच! दोन्ही सारखेच दिसतात, मग दुसरा कशाला न्यायचा? त्याच्याच दोन प्रती काढून स्वतःच्या नावानं पाठवल्या. बहिणीला सांगितलं, दादानं आपणहून दिलाय. स्पर्धकांच्या यादीत त्याचं नाव वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ब्रसुद्धा काढला नाही. मला त्याची चारचौघांत जिरवायची होती.

निकालाच्या दिवशी परीक्षक बाईंनी जोडफोटो बघायच्या यंत्राला डोळे लावले. "अहो, हे तर सपाट आहे!"

जावई लगबगीनं माझ्याकडे आला. मला बाजूला ओढून म्हणाला, "दादा, दुसरा द्या. दोघांची नावं घालू. निदान तुमच्या बहिणीकडे तरी बघा."

"हात सोड," मी म्हणालो. काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळ्यांदेखत मी खिशातून उजवा फोटो काढला आणि यंत्रात सरकवला.

"अगंबाई, पाण्याची टाकी केवढी उंच!" बाई म्हणाल्या. "आणि मैदानात ही दोन माणसं कोण?"

"माझे मदतनीस," जावई चटकन म्हणाला.

बहीण पुढे आली. तिनं यंत्रात पाहिलं. "पिवळ्या टोपीतली मी. शेजारी माझा दादा. रॉकेट त्याचं. हे त्या दिवशी घरी घोरत पडले होते."

मग ती माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं ना? मला आधी का नाही सांगितलंस? इतक्या लोकांत माझा तमाशा केलास."

ती एकटीच दाराबाहेर पडली. मी तिला हाक मारायला हवी होती. मी जावयाच्या पडलेल्या तोंडाकडे बघत राहिलो.