जुळलं ते पिंट्याचं

छकुलीचा रक्ताचा कर्करोग औषधांनी आटोक्यात आला होता, पण तो पुन्हा उलटेल अशी डॉक्टरीणबाईंना धास्ती होती. सख्ख्या भावंडाच्या मूळपेशी मिळाल्या, तर त्यांच्यातून धडधाकट पांढऱ्या पेशी तयार होतील आणि उरलासुरला आजार हुडकून मारतील, असं त्या म्हणाल्या. ताईने तिथल्या तिथे बाही वर केली. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनेच वाढवलं होतं, लोकांचे कपडे शिवून शिकवलं होतं. या आजारपणात तर तिने शिवणाच्या दुकानाला कुलूपच घातलं होतं.

तपासणीत ताईच्या पेशींचं छकुलीशी जुळलं नाही. जुळलं पिंट्याचं.

पिंट्या मधला. वडिलांशी भांडून घर सोडलेला, वर्षावर्षात फोन न करणारा. तो आला, दोन्ही हातांत सुया घेऊन पेशी काढणाऱ्या यंत्रापाशी पडून राहिला आणि एका दिवसात सगळ्यांचा लाडका झाला. नर्स त्याला सरबत देत होती, मामी डोळे पुसत होती. छकुली तर म्हणाली, "ताई, माझा रक्तगटसुद्धा आता दादाचा होणार!"

"वा," ताई म्हणाली आणि उशीचा अभ्रा उगीचच झटकू लागली. आतून ती जळत होती. रक्ताचं पाणी केलं मी, आणि रक्त मात्र त्याचं!

त्या पेशी चढवल्यावर काही आठवड्यांनी छकुलीच्या तळहातांवर आणि मानेवर लाल पुरळ उठलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "भावाच्या पेशींना हे शरीर परकं वाटतंय. त्या हिच्याच कातडीवर हल्ला करतायत."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," ताई म्हणाली. आवाजातली खुशी तिची तिलाच ऐकू आली.

"चोर सोडलेला नाही हो. त्याच पेशी आजाराच्या पेशींनाही शोधून मारतात. हल्ला सौम्य असला तर आम्हाला बरंच वाटतं. औषधाने त्यांना थोडं आवरू, इतकंच."

घ्या! त्याचा दोषसुद्धा गुणात जमा.

संध्याकाळी पिंट्याचा फोन आला. "ताई, पुरळ माझ्यामुळे आलंय का गं?"

"तुझ्यामुळेच," ताई म्हणाली. पुढचं मात्र तिने गिळलं.

त्यानंतर पिंट्याचा फोन आला नाही. पुरळ ओसरलं, छकुली भिंतीला धरून खोलीत चालू लागली. पण फोन वाजला की मान वळवायची. "दादा विसरला वाटतं," ती एकदा म्हणाली आणि पेज अर्धी टाकून कुशीवर वळली. इतके दिवस ताईला हेच तर हवं होतं. आता ते मिळालं, आणि ताईच्याने ती उरलेली पेज ओतून टाकवेना.

तिने गॅलरीत जाऊन फोन लावला. "पिंट्या, मी तुला अर्धंच सांगितलं होतं. तुझ्या पेशी तिचा आजारही मारतायत. डॉक्टर खूश आहेत."

 तो म्हणाला, "मला वाटलं, मी घरातल्या कुणाचं भलं करूच शकत नाही. रक्तातूनसुद्धा." मग त्याने विचारलं, "पण अर्धंच का सांगितलंस?"

"पोटात दुखत होतं माझ्या. अजून दुखतंय. तू ये."

पुढच्या आठवड्यात तो आला. तोंडाला मास्क लावून, हात धुऊन छकुलीच्या पलंगाशी बसला. तिच्या तपासणीत आजाराचा मागमूस सापडला नव्हता. पिंट्या काहीतरी पुटपुटला आणि ती खळखळून हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ताईला तिला असं हसवता आलं नव्हतं.

ताई दारातच थबकली. मग तिने स्टूल ओढलं आणि ती त्या दोघांच्या बरोब्बर मध्ये जाऊन बसली.

"सरक जरा," ती पिंट्याला म्हणाली. "आणि काय सांगत होतास, ते मलाही सांग."