खोली रिकामी होईपर्यंत

“बाई, हा बायकांचा वॉर्ड आहे,” दारातली नर्स म्हणाली.

“म्हणूनच आणलंय,” धाकटी म्हणाली.

तिच्या खांद्यावर रेललेल्या मास्तरीणबाईला नर्सनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ती उंची, ती रुंद मनगटं, घामानं ओघळलेली पावडर. मग आवाज उतरवून म्हणाली, “पलीकडच्या इमारतीत न्या. इथं ठेवलं तर मला बोलणी खावी लागतील.”

पलीकडच्या इमारतीतला ब्रदर तर काकुळतीलाच आला. “ताई, आत सगळे पुरुष उघडेवाघडे पडलेत. त्यांच्यात ह्यांना कुठं झोपवू? उद्या काही झालं तर माझ्या अंगाशी येईल.”

दोघांपैकी कुणी वेडंवाकडं बोललं नव्हतं. भांडावं तर कुणाशी, हेच धाकटीला समजेना. दोन इमारतींच्या मधल्या अंगणात मास्तरीणबाई पोटाशी हात धरून, ओठ दातांत धरून उभी होती. आदल्या दुपारपासून तिला लघवीच झाली नव्हती.

“बस ना जरा ताई.”

“बसता येत असतं तर उभी राहिले असते का?” मास्तरीणबाई म्हणाली. अशा वेळीही तिची जीभ जागेवर होती.

ही दोघं सख्खी भावंडं. मोठं भावंड घर सोडून गेलं तेव्हा धाकटी शाळेत होती. का गेलं, कुठं गेलं, हे विचारायची घरात सोय नव्हती. आई वारल्यावर धाकटीनं शोधत शोधत बाजारातलं एक शिंप्याचं दुकान गाठलं, तर मागच्या खोलीत मशीनवर एक उंच बाई बसलेली, मानेवर भरगच्च अंबाडा. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग मोठी म्हणाली, “आत ये, दारात उभी राहून माझं गिऱ्हाईक अडवू नकोस.” दुकानातले कारागीर पूर्वी तिला मास्तर म्हणायचे. केस वाढले, कपडे बदलले, तेव्हा मालकानं एकदा थट्टेत ‘काय मास्तरीणबाई’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. “बरंच झालं,” ती म्हणायची, “जुन्याच नावाला शेपूट लावून भागलं. नवीन नाव शोधायची कटकट वाचली.”

अंगणातून घाईघाईनं चाललेली एक तरुण डॉक्टरीण तिचा चेहरा पाहून थबकली. पोटावर हात ठेवून बघितला आणि कुणाला काही न विचारता तिला मलमपट्टीच्या खोलीत घेऊन गेली. धाकटी दाराबाहेर थांबली. थोड्या वेळानं आतून जो सुस्कारा ऐकू आला, तो ऐकून धाकटीच्याच डोळ्यांत पाणी आलं.

“प्रोस्टेट वाढलंय,” डॉक्टरीण हात पुसत म्हणाली. “ऑपरेशन करावं लागेल, तोवर नळी ठेवू. साधं असतं, आमच्याकडे रोज होतात.”

“बघा म्हणजे,” नळीची पिशवी हातात धरून मास्तरीणबाई म्हणाली, “जन्मभर जे नको नको म्हणाले, तेच नेमकं वाढून बसलं.”

डॉक्टरीण हसली आणि आपण हसायला नको होतं असं वाटून केसपेपर लिहायला लागली. तिनंच खटपट करून पुरुषांच्या वॉर्डात अगदी कोपऱ्यातली एक खाट मिळवून दिली.

धाकटी बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दुसऱ्या दिवशी पाळी संपवून धावतपळत आली, तर मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं न विचारताच सांगितलं. सकाळी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आले होते. चादर बाजूला केली आणि बराच वेळ बाजूलाच राहिली. कधीपासून असे कपडे घालता, लग्न केलं होतं का, कोण सांभाळतं. “लघवीचं कुणी काहीच विचारलं नाही हो,” म्हातारा म्हणाला. “आणि आमच्या सूनबाईंनी पण तक्रार केली वरती. मी नको म्हणत होतो.” एवढं बोलून तो अवघडून आढ्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या प्रहरी मोठ्या सिस्टर आल्या. बाई प्रेमळ होत्या. “तुमच्याच भल्याचं सांगते. इथं तुम्हालाही त्रास, बाकीच्यांनाही. स्वतंत्र खोली रिकामी झाली की आम्ही फोन करतो. तोवर नळी घेऊन घरी जा.”

“कधी होईल रिकामी?” धाकटीनं विचारलं.

“आता ते का माझ्या हातात आहे?”

मास्तरीणबाई परत मशीनवर बसली. घागऱ्याला आतून अस्तराचा खिसा शिवला आणि त्यात पिशवी ठेवायला लागली. गिऱ्हाइकांना पत्ता लागला नाही. फोन मात्र आला नाही. दोघी जाऊन विचारून यायच्या. एकदा त्या खोलीत क्षयाचा रोगी होता, एकदा पोलीस पहाऱ्यातला कैदी. मग ती तरुण डॉक्टरीण बदलून दुसऱ्या गावी गेली. तिच्या जागी आलेला मुलगा वयानं लहान, आधीच दमलेला. तो म्हणाला, “जनरल वॉर्डात राहायची तयारी असेल तर मी विचारून बघतो.”

“आहे तयारी,” मास्तरीणबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, “केस कापून आले तर चालेल का?”

धाकटीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ज्या केसांसाठी बापाचा मार खाल्ला ते केस.

“तसं नाही हो,” डॉक्टर गोरामोरा झाला. “तसं कुणी म्हणत नाही. बघतो मी.” त्यानं खरंच पाहिलं असेल. वरून नकार आला.

खासगी दवाखान्यातही जाऊन झालं. तिथले डॉक्टर फार गोड बोलले. “आमची काही हरकत नाही, पण आमचे बाकीचे पेशंट…” असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि स्वतः उठून दार उघडून दिलं.

नळी ठरल्या वेळी बदलावी लागायची. गल्लीतल्या दवाखान्यातला माणूस हात लावायला तयार नव्हता. म्हणजे पुन्हा मोठं हॉस्पिटल, पुन्हा तेच अंगण, तोच ह्या इमारतीतून त्या इमारतीत टोलवाटोलवीचा खेळ. मास्तरीणबाई टाळाटाळ करू लागली.

“ताई, नळी बदलायची वेळ टळून गेली ना?”

“टळू दे. तिला कुठं गाडी पकडायचीय?”

“थट्टा करू नकोस. चल, मी रजा टाकते.”

मास्तरीणबाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. “मला नाही आता त्या अंगणात उभं राहायचं,” ती म्हणाली. रडली नाही, चिडलीही नाही. दिवे गेलेत, असं सांगावं तशी म्हणाली. धाकटीनं तिला पुष्कळ बोलून घेतलं, मग आपलंच बोलणं तिला पोकळ वाटायला लागलं.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. “थोडे दिवस इकडे आणू का तिला? लक्ष तरी राहील.” नवऱ्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. थोड्या वेळानं म्हणाला, “पोरी मोठ्या झाल्यात आता.” आपल्या आणि त्याच्या वाक्याचा एकमेकांशी काय संबंध, हे विचारायचं धाकटीच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं भांडी घासायला घेतली.

दुकानाच्या मालकाचा फोन कारखान्यात आला तेव्हा सकाळची पाळी नुकती सुरू झाली होती. मास्तरीणबाई दुकानावरच्या आपल्या खोलीतून खाली उतरली नव्हती. धाकटी पोचली तर ताई तापानं फणफणलेली, असंबद्ध बडबडत होती, पिशवीतलं पाणी गढूळ, लालसर. ॲम्ब्युलन्स आली. हॉस्पिटलात या वेळी कुणी काही विचारलं नाही. स्ट्रेचर अंगणातून तीरासारखं निघालं आणि सरळ अतिदक्षता विभागात गेलं.

धाकटी काचेतून बघत राहिली. ओळीनं खाटा होत्या. एका खाटेवर बाई, शेजारी पुरुष, पलीकडे पुन्हा बाई. सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे झगे. ताईची खाट त्यांच्यात मधोमध होती. कुणाची तक्रार नव्हती. इतकी सोपी गोष्ट होती ही.

“दोन्ही किडन्या गेल्यात, विष रक्तात पसरलंय,” तिथले डॉक्टर म्हणाले. “इतके दिवस काय करत होता तुम्ही? आधी का नाही आणलं?”

“आणलं होतं,” धाकटी म्हणाली.

पण डॉक्टर तोवर पुढच्या नातेवाइकांकडे वळले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की आता फार तर आजचा दिवस. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवण्यासारखं फार कुणी नव्हतं. मालक येऊन, टोपी हातात चुरगाळत थोडा वेळ उभा राहून गेला. नवरा आला नाही. धाकटीला आत सोडलं.

ताईच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले होते. आणि गालांवर, हनुवटीवर पांढरे खुंट वर आले होते. हे धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत कुणीच पाहिलं नव्हतं. गल्ली जागी व्हायच्या आत खिडकी लावून घेऊन ती हे काम उरकायची. ताईची मुक्कामाला आलेल्या धाकटीलासुद्धा सक्त ताकीद होती, हाक मारल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत.

“सिस्टर,” धाकटी म्हणाली, “दाढी करायला काही मिळेल का?”

“कशाला आता?” नर्स सलाइन बघत म्हणाली. मग तिनं वळून खाटेवरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. ती गेली आणि कोमट पाण्याचं भांडं, साबण, कापूस आणि नवं ब्लेड घातलेला वस्तरा घेऊन आली. “तोंडातल्या नळीला धक्का लागू देऊ नका.”

धाकटीनं जन्मात कधी कुणाची दाढी केली नव्हती. तिनं साबण लावला. गाल आत गेले होते, कातडी सैल पडली होती. एका बोटानं ती ताणून धरून दुसऱ्या हातानं अगदी अलगद वस्तरा फिरवायला लागली. एक गाल झाला. नर्सनं पुढं होऊन नळी एका बाजूला धरली.

“इथं थोडं राहिलंय,” जबड्याखाली बोट दाखवत ती म्हणाली.

दाराशी डॉक्टरांची फेरी आली होती, बरोबर विद्यार्थी होते. नर्सनं मोकळ्या हातानं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला.

“तुम्ही सावकाश करा,” ती म्हणाली.