धवलारीण उठत नाही

कोपरीच्या कोळीवाड्यात मंजुळाबाईच्या धवल्याशिवाय हळद लागत नसे. धवलारीण म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून लावणारी बाई. तिचा धवला मध्येच तुटला तर अपशकुन. आणि हीच मंजुळाबाई अलीकडे घराघराला नाही म्हणत होती. "म्हातारी माजली," वाड्याने निकाल लावून टाकला. बोलणाऱ्याचं काय जातं!

खरी गोष्ट तिलाच माहीत होती. छाती भरून सूर लावला की नकळत शौच होऊन लुगडं खराब व्हायचं. कळ नाही, सूचना नाही. मासळीबाजारात बरं होतं, तिथल्या वासात तिचा वास मिसळून जायचा. म्हणून तिने बाजार धरून ठेवला आणि गाणं सोडलं.

पण नातीच्या, शिवानीच्या हळदीला नाही कशी म्हणणार? आदल्या दिवसापासून तिने जेवण बंद केलं, आतून जुन्या साडीच्या घड्या बांधल्या, आणि घशाला बरा म्हणून कोरा चहा तेवढा पीत राहिली. रिकाम्या पोटी त्या चहानेच पोट सैल करून घात केला.

गाता गाता तिला कळलं. गरम ओल मांडीखाली पसरली. उठावं तर धवला तुटतो, पोरीच्या संसाराला नाट लागते. ती बसून राहिली, गात राहिली. आवाज एवढासा झाला, पण शेवटचा आशीर्वाद तिने पुरा केला: भरल्या ओटीने नांद, वर्षाच्या आत पाळणा हलू दे.

मग नवऱ्या मुलाची आई साडीचोळी घेऊन पुढे आली. धवलारणीने हा मान उभं राहून घ्यायचा असतो.

"उठा ना, मावशी."

"इथंच दे, बाय. गुडघं धरलेत."

"आम्ही काय हलके वाटलो का?" मुलाकडचं कुणीतरी बोललंच.

मंजुळाबाईचा मुलगा दौलत दातओठ खात म्हणाला, "आये, ऊठ गो! लाज आणतेस!" शिवानीचे डोळे भरले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हातारीला झालं.

तेवढ्यात सून माधवी हळदीच्या पाण्याचं घमेलं घेऊन आली, अडखळली आणि सगळं पाणी सासूच्या अंगावर ओतलं. मांडव हसला. "डोळे फुटले का तुझे?" दौलत खेकसला. माधवीने मान खाली घालून सासूला टॉवेलात गुंडाळलं आणि न्हाणीत नेलं.

कडी लावून ती कोमट पाण्याने तिला धुऊ लागली. "कधीपासून, आई?"

"दौलतच्या येळेला फाटलेलं. तवापासून थोडं थोडं. आता धरवतच नाय. वाटलं, बाईचा जल्म, असंच असतं."

"असंच नसतं. बाळंतपणात खालचे स्नायू फाटतात, वयाने अजून ढिले पडतात. घोडबंदर रोडला डॉक्टरीणबाई आहेत. व्यायाम देतात, आवळून धरायचं, सोडायचं. खाण्यापिण्याचं सांगतात. पार बरं नाही झालं तरी पुष्कळ फरक पडतो."

"तुना कसं म्हायती?"

माधवीने खुंटीवरच्या आपल्या पर्समधून एक पॅड काढून सासूच्या हातात ठेवलं. ते तिचं स्वतःचं होतं.

मंजुळाबाईला आठवलं. शिवानी झाल्यावर ही पोर सारखी मोरीकडे पळायची, आणि आपण चारचौघींत म्हणायचो, "कामचोर, संडासात लपते." तिला रडू फुटलं. माधवी पाणी ओतत राहिली.

बाहेर बायका शिवानीला हळद लावत होत्या. धवलारीण नव्हती, म्हणून शेवटची ओळच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या: वर्षाच्या आत पाळणा हलू दे.

"पोरीला सांगितलंस, बाळंतपणात काय होतं ते?" मंजुळाबाईने विचारलं.

"लग्नाच्या घरात असलं कुठे बोलतात, आई?"