सतरावं झाड कोणतं?

मित्रांनो, मी जस्ताच्या पत्र्याची एक जुनी पट्टी आहे. तुमच्या करंगळीएवढी लांब. एका टोकाला भोक आहे, पण त्यातली तार आता नाही. अंगावर खिळ्याने कोरलेले दोन आकडे आहेत, चार आणि सतरा. माझ्या सत्तेचाळीस भावंडांबरोबर मी एका बादलीत पडून आहे.

मला घडवलं विद्यापीठाच्या बागेतल्या माळीकाकांनी. छपराच्या उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला कापलं, झाडाला बोचू नये म्हणून कडा कानशीने घासल्या आणि मग एकेक आकडा कोरला. कागद भिजतो, शाई उडते, कोरलेलं राहतं, असं ते म्हणत. त्यांची धाकटी लेक शेजारी बसून तारेचे तुकडे मोजून हातात देई.

माझं काम काय, ते सांगते. संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडांचा जोड. खाली एका जातीचा खुंट, त्याची मुळं जमिनीत. त्या खुंटावर दुसऱ्या जातीचा डोळा, म्हणजे फुटण्याआधीचा कोंब, भरतात आणि त्याचं झाड वर वाढतं. आमच्या बागेत वरची झाडं सगळी एकाच जातीची होती. खालचे खुंट मात्र सहा जातींचे, प्रत्येकाची आठ झाडं, तीही बागभर विखरून लावलेली, त्यामुळे झाडांचे आकडे ओळीने नव्हते. मुळं कुजण्याच्या रोगाला कोणता खुंट तोंड देतो, हे बागेत प्रयोग करणाऱ्या प्राध्यापक बाईंना शोधायचं होतं. एखादं झाड नशिबानेही वाचतं. एकाच जातीची आठही झाडं वाचली तर ते उत्तर. त्यासाठी बारा वर्षं थांबून, झाडं उपटून मुळं पाहायची होती. वरून बघून कोणालाच काही कळलं नसतं. खाली चौथ्या जातीचा खुंट आहे, हे सतराव्या झाडापाशी फक्त मी सांगत होते.

बाई दर वर्षी येत, आधी मला वाचत, मग पानं निरखत. एकदा पाहुण्यांना म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात खरं बोलणारी हीच." त्या दिवशी माळीकाकांनी मला सदऱ्याच्या टोकाने पुसलं होतं.

बागेचा नकाशा एका वहीत होता. पाचव्या वर्षी कपाटाला वाळवी लागली आणि वहीचा भुगा झाला. माळीकाकांनी तो गुपचूप झाडून काढला. बोलणी बसतील म्हणून कोणाला सांगितलं नाही. झाडावर पट्टी आहे ना, मग झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तेव्हापासून ते महिन्यातून एकदा आम्हा सगळ्यांच्या तारा तपासत. मग त्यांचे गुडघे गेले आणि ते निवृत्त झाले.

त्याच वर्षी लेक विद्यापीठात आली. तिने दोन विषय एकत्र घेतले, फळबागशास्त्र आणि संज्ञापन. सकाळी मातीत हात, दुपारी माइक आणि कॅमेरा. रोपवाटिकेतल्या बायका तिला डबल म्हणत. "काय गं डबल, आज झाडांची मुलाखत का?" ती हसून म्हणे, "झाडं तुमच्यापेक्षा कमी बडबडतात." पण तिला खरोखर वाटत असे, की बागेतलं ज्ञान कुंपणाबाहेर जात नाही, ते आपण न्यायचं.

शेवटच्या वर्षी प्रदर्शन भरायचं होतं. संज्ञापनाच्या सरांनी शिकवलं होतं, आधी विचारा, हे वाचणार कोण? तिने आमच्याकडे पाहिलं. आमचे आकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळण्यासारखे नव्हते. शिवाय आमच्या तारा खोडाच्या सालीत रुतू लागल्या होत्या. तार रुतली की झाडाला फास बसतो, हे ती फळबागशास्त्राच्या वर्गात शिकली होती. तिने बाईंना विचारलं, पाट्या बदलू का? बाई घाईत होत्या. झाडांना इजा होऊ देऊ नको, एवढंच म्हणाल्या.

तिने इजा होऊ दिली नाही. हलक्या हाताने एकेक तार कापली आणि आम्हाला एका बादलीत टाकलं. नंबर वहीत असतीलच, असं तिने धरलं. झाडांवर सुबक रंगीत पाट्या लागल्या. ‘मी संत्र्याचं झाड. माझ्या फुलांवर मधमाश्या येतात.’ अठ्ठेचाळीस झाडांवर तेच वाक्य. सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

प्रदर्शनानंतरच्या आठवड्यात बाईंनी वहीसाठी कपाट उघडलं. वही नव्हती.

मग त्यांनी जुनी टिपणं ताडून पाहिली. त्यांत पट्ट्यांचे आकडे होते, पण कोणतं झाड कुठे उभं आहे ते नव्हतं. ‘पानं हिरवी’ असा एकच शेरा मिळालेली चाळीस झाडं वेगळी कशी करणार? मुळं तपासून जात ओळखता येईल का, असं लेकीने विचारलं. बाई म्हणाल्या, जुळवून पाहायला मूळची झाडं हवीत, पण खुंट ज्या रानांतून आणले ती केव्हाच साफ झाली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ परत घातला नाही.

लेक वडिलांना रिक्षाने घेऊन आली. माळीकाका काठी टेकत ओळीओळीतून फिरले. तीन झाडं त्यांनी खात्रीने ओळखली. पुढे ते थांबले.

"बाबा, आठवा ना."

"आठवायला लागू नये म्हणून तर पट्टी केली होती, पोरी." मग खाली बघत म्हणाले, "वही गेली तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना रिक्षापर्यंत नेलं.

प्रयोग बंद झाला. जागा दुसऱ्या कामाला दिली आणि झाडं उपटली गेली. लेक रोज आमची बादली घेऊन येई आणि उपटलेली मुळं पाइपाने धुई. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात बहुतेक मुळं काळी, हात लावताच सालटं निघणारी. त्यात एका झाडाची मात्र पांढरी, टणक. तिने मला हातात घेतलं, त्या खोडाजवळ धरलं.

मित्रांनो, ते माझंच झाड होतं. तारेच्या वळाची ती जागा मी ओळखली. मी अंगावरचे दोन आकडे घेऊन तिच्या हातात पडून होते, आणि याहून जास्त काही मला करता येत नव्हतं. तिने मला परत बादलीत ठेवलं, दुसरी उचलली, तीही ठेवली. मग ती मुळांपाशी चिखलात बसून राहिली.

आता त्या जागी शेड आहे. उत्तर जमिनीतून वर आलं होतं, पण ते कोणाचं हे सांगणारं झाडावर कोणी नव्हतं.

म्हणून तुम्हाला एकच विनवते. एखादी जुनी, न कळणारी खूण काढाल, तेव्हा ती कोणाला कळते ते आधी विचारा. आणि तुमच्या हातून एखादी वही गेली असेल, तर बोलणी खा, पण आजच सांगा.