सहाव्या गावाचा आवाज

जागृतीनं माइक बंद केला, मितूच्या मुठीतून हेडफोनची वायर सोडवली, तिच्या हाती लाटणं दिलं आणि माइक पुन्हा सुरू केला.

"सहाव्या गावात डफडं मी करणार नाही," ती म्हणाली.

लॅपटॉपवरच्या चौकोनात धीरज हसला. "अगं, तुला वाजवायचं कुठे आहे? बत्तीस मात्रांचा तुकडा करून द्यायचाय फक्त. आम्ही तो फिरवत ठेवू."

"तुकडाही करणार नाही."

शेजारच्या चौकोनातल्या मोहिनीनं चित्र काढता काढता मान वर केली. पुण्याची ही छोटी टीम. शंभर वर्षांपूर्वीच्या कापसाच्या मुलखातून बांगड्यांची टोपली घेऊन एक बाई दहा गावं ओलांडते, असा त्यांचा गेम होता. मोहिनी गावं चितारायची, धीरज ती चालती करायचा आणि हिंगणघाटातल्या दोन खोल्यांच्या घरातून जागृती त्यांना संगीत द्यायची. गेमचं संगीत सिनेमातल्या गाण्यासारखं सुरू होऊन संपत नाही. खेळणारा जिथं रेंगाळेल तिथं त्यालाही रेंगाळावं लागतं, आणि तो वळला की सांधा न दिसता वळावं लागतं. मूल सांभाळणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

सहाव्या गावात पोळा होता. खेळणाऱ्यानं बटण दाबलं की डफडंवाला पाटलाच्या बैलांपुढे वाजवू लागायचा, मिरवणूक हलायची आणि वेस उघडायची.

"डफडं नाही तर वेस नाही," धीरज म्हणाला. "आणि मला ते अस्सल हवंय, जागृती. तू तिथलीच आहेस, म्हणून तर तुला घेतलं."

जागृतीची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. आत भिंतीवर खिळ्याला एक जुनी चाळणी टांगलेली होती.

"तिथलीच आहे," ती म्हणाली, "म्हणूनच नाही म्हणते."

मितूचं लाटणं फरशीवर आपटत राहिलं.

"हे बघ," धीरजचा आवाज आता कामाचा झाला. "शुक्रवारी गेम बाहेर दाखवायला जाणार. तुला नसेल करायचं, तर मी तयार आवाज विकत घेऊन दुसऱ्याकडून ते गाव करून घेतो. पण मग संगीताला तुझं एकटीचं नाव लावता येणार नाही. संध्याकाळपर्यंत सांग."

चौकोन मिटले. जागृती तशीच बसून राहिली. माहेरी पवनारच्या बुद्धविहारातल्या गीतगायनाच्या पार्टीत ती कॅसिओ वाजवायची, तेव्हा फलकावर नाव यायचं ते गायकाचं. लग्नानंतर कॅसिओ कपाटावर गेला. मितू सात महिन्यांची झाली, दुपारी साडेअकरा ते एक झोपू लागली, तेव्हा तो खाली आला. नवरा रूपेश शाळेत शिकवायला, सासूबाई अंगणवाडीत, आणि मितू पाळण्यात. त्या दीड-दीड तासांतून तिनं नऊ गावं उभी केली होती. कुठलं गाव दोन दुपारींत झालं, कुठल्याला मितूच्या दातांनी महिना लावला. 'संगीत : जागृती' एवढी एक ओळ त्यातून यायची होती.

"कोनासंग भांडून राह्यली होती वं बाई?"

दारात सासरे उभे होते. लहानूजी, सूतगिरणीतून निवृत्त झालेले, हातात मेथीची जुडी.

"भांडत नव्हती मामाजी. कामाचं बोलून राह्यली होती."

"आवाज तं भांडनाचाच होता. चांगला होता."

त्यांनी मितूला उचलून खांद्यावर टाकलं आणि खाटेवर बसले. जागृतीनं सगळं सांगितलं. सांगताना तिचा हात उगाच मेथी निवडत होता.

चाळणीची गोष्ट तिला लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून ठाऊक होती. पीठ चाळायला तिनं खिळ्याकडे हात नेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "थे नोको घेऊ. मामाजीच्या मायची हाय." लहानूजी चार वर्षांचे असताना त्यांचे वडील नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि पाटलापुढे वाजवायच्या आपल्या डफड्याचं चामडं त्यांनी विळ्यानं फाडलं. पुढच्या पोळ्याला पाटलाचा गडी अंगणात आला, तर ते एकच शब्द बोलले. त्या शब्दापायी गावानं त्यांना वर्षभर काम दिलं नाही. उरलेल्या कड्याला लहानूजींच्या आईनं तारेची जाळी बसवून घेतली आणि मरेपर्यंत तिच्यात ज्वारी चाळली.

"मंग त्या खेळातल्या मानसाले कोनी इचारलं काय," लहानूजी म्हणाले, "वाजवतं का म्हनून?"

"तो खरा नाही मामाजी. बटण दाबलं की वाजवते."

"थेच तं. माह्या बापालेही असंच बटन होतं. पाटलाच्या गड्यानं आवाज देला, का सुरू." त्यांनी मितूच्या पाठीवरून हात फिरवला. "दुसरं बटन काऊन नाई?"

"दुसरं कोणतं?"

"नाई म्हनाचं."

मेथीची काडी जागृतीच्या बोटांत राहिली. "पण मग वेस उघडत नाही. खेळच अडते तिथं."

लहानूजी एवढ्या जोरात हसले की मितूनं दचकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "वेशीतून मिरवत जायाले आमाले कोन बोलावत होतं बाप्पा? गावाबाहेरून रस्ता नसते काय? नाल्याच्या काठानं? तुह्या त्या पुन्याच्या पोट्ट्याले म्हना, आमचे पाय त्याच रस्त्यानं चालले."

जागृतीनं संध्याकाळची वाट पाहिली नाही. दोघांनाही पुन्हा बोलावलं आणि एका दमात सांगितलं. दोन बटणं, हो आणि नाही. नाही म्हटलं की मिरवणूक थांबेल, वेस बंदच राहील, पण बांगड्यांवाल्या बाईला नाल्याकाठचा रस्ता दिसेल.

मोहिनी म्हणाली, "नाला मी आत्ता काढते." आणि ती खरंच काढू लागली.

धीरजनं चष्मा पुसला. "हे कुणी सुचवलं?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"ते गेम खेळतात?"

"नाही. ते तिथलेच आहेत."

मोहिनीनं ओठ दाबून हसू अडवलं. धीरजचे कान लाल झाले, पण तो कामाचा माणूस होता. "रस्ता मी एका दिवसात जोडतो. 'हो'ला पण डफडं नाही, नुसत्या बैलांच्या घंटा ठेवू, मान्य. पण 'नाही'ला काय वाजणार? शांतता दिलीस तर लोकांना वाटेल, आवाज बंद पडला. गुरुवारी दुपारपर्यंत हवं."

"देते."

म्हणायला म्हटलं. मंगळवारी तिनं व्हायोलिन लावून पाहिलं, तर नाही म्हणणारा माणूस बिचारा वाटू लागला. पुसून टाकलं. बुधवारी बासरी लावली, तर तो संत झाला. तेही पुसलं. नुसती शांतता ठेवली, तर धीरजचंच खरं ठरत होतं. तिला हवा होता तो आवाज हात जोडत नव्हता, रागानं फुलतही नव्हता. नाही म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी उठून चूल पेटवावी लागते, तसा काहीतरी.

गुरुवारी मितू झोपलीच नाही. साडेबारा झाले. चक्कीवर ज्वारी न्यायची होती, आणि स्टीलची चाळणी मितूनं सकाळीच कुठेतरी दडवली होती. जागृतीनं पलंगाखाली पाहिलं, बादलीत पाहिलं. मग मितूला कडेवर घेऊन ती खिळ्यापुढे उभी राहिली. लहानूजी बाहेर गेले होते. तिनं चाळणी काढली.

खाली बसून तिनं ओंजळ-ओंजळ ज्वारी टाकली. सर्रर्र. कड्यावर तळव्याची थाप. सर्रर्र. थाप.

तिचा हात थांबला. मितूनं वर पाहिलं आणि स्वतःच्या इवल्या तळव्यानं कड्यावर एक थाप मारली.

चक्की राहिली. जागृतीनं मोबाइल पाटावर ठेवला, पंखा बंद केला आणि मितूला शेंगदाण्याची चिक्की देऊन तासभर ज्वारी चाळली. तीन वाजता धीरजकडे फाइल गेली.

शुक्रवारी सकाळी गेम तिच्या मोबाइलवर आला. सोबत धीरजचा निरोप : शेवटचं पाहून घे, बारा वाजता पाठवतो.

लहानूजी खाटेवर बसून पेपर वाचत होते. मितू त्यांच्या पायाशी. जागृतीनं सहावं गाव लावून मोबाइल त्यांच्या हाती दिला. चाळणीबद्दल ती काही बोलली नव्हती. ती अजून तिच्या कॅसिओखाली होती.

"हे दोन बटणं, मामाजी. बोटानं दाबा फक्त."

त्यांनी चष्मा चढवला. पडद्यावर मिरवणूक उभी होती, बैलांच्या शिंगांना बेगड, पुढे डफडंवाला. घंटा वाजत होत्या. लहानूजींनी बराच वेळ त्या माणसाकडे पाहिलं. मग 'नाही'वर बोट ठेवलं.

घंटा थांबल्या. दोन श्वासांएवढं काहीच नाही. मग सर्रर्र. थाप. सर्रर्र. थाप. डफडंवाल्यानं डफडं खाली ठेवलं, आणि बांगड्यांवाली बाई टोपली सावरत नाल्याच्या काठाला लागली.

"पुन्हा लाव," लहानूजी म्हणाले.

तिनं लावलं. त्यांनी पुन्हा 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा त्यांनीच मागे जायला शिकून घेतलं. 'हो'कडे त्यांचं बोट एकदाही गेलं नाही. पाचव्या खेपेला त्यांनी चष्म्यावरून स्वयंपाकघरात पाहिलं. खिळा रिकामा होता.

"मायची चाळनी हाय थे."

"हो मामाजी." तिनं मितूला जवळ ओढलं. "न विचारता घेतली."

आवाज चालूच होता. लहानूजी कान देऊन ऐकत होते, सूतगिरणीत बिघडलेलं यंत्र ऐकावं तसे.

"चुकलं तुह्यं," ते म्हणाले.

जागृतीनं चाळणी काढायला कॅसिओकडे हात नेला.

"लय हळू हाय हे. माही माय याच्याहून जोरात चाळे. सारा गाव आयके. पाटलाच्या वाड्यापर्यंत जाये आवाज." त्यांनी चष्मा काढला. "मुद्दाम चाळे."

मोबाइल त्यांनी तिच्या हाती दिला, कॅसिओखालची चाळणी स्वतः ओढून घेतली आणि गुडघ्याला हाताचा रेटा देत खाली मितूच्या चादरीवर मांडी घालून बसले. कडं दोन्ही तळव्यांत धरलं, जरा सैल केलं, पुन्हा धरलं.

"जवारी कुठं हाय?"

तिनं डबा आणून पुढ्यात ठेवला. मोबाइल थरथरला. धीरज : पाठवू ना? फायनल आहे?

जागृतीनं टाइप केलं, 'नाही'. मग उठून तिनं पंखा बंद केला.