दाजींचा ठिपका

कापडाच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो मांडीवर एमआरआयचं पाकीट घेऊन बसलेला. खिडक्यांना काळे पडदे, मधोमध खालून उजेड येणारं काचेचं टेबल आणि त्यामागे उजेडबाबा. त्याने माझ्या ताईची फिल्म काचेवर ठेवली, खालच्या अर्ध्या भागावर काळं कापड टाकलं आणि दिवा लावला. मेंदूत पांढरे ठिपके चमकले. लोक माना उंचावून बघू लागले.

"हे डाग नाहीत बाई, हे मुक्काम आहेत. घरातून गेलेले इथे बिऱ्हाड करून राहिलेत. हा मोठा ओळखलात?"

"हे?" ताई पुटपुटली.

"तेच. हाक मारतात, म्हणून डोकं दुखतं."

भाडं देतात का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ताईचा चेहरा पाहून गिळलं. दाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. डोकेदुखीसाठी स्कॅन केला, रिपोर्टात "काही पांढरे ठिपके" अशी ओळ आली आणि डॉक्टरांना दाखवायच्या आधीच शेजारणीने तिला इथे आणलं.

उपाय असा : फिल्म बाबाकडे आणि तीन आठवडे सगळी औषधं बंद, रक्तदाबाची गोळीसुद्धा. मी भांडलो, ताईने ऐकलं नाही. रिकाम्या खुर्चीसमोर ती चहाचा कप ठेवायची आणि मान कलती करून ऐकत बसायची. ती भ्यायची, पण ती भीती तिला सोडवतही नव्हती. खरं सांगतो, त्या खुर्चीजवळून जाताना माझ्याही अंगावर काटा यायचा.

तीन आठवड्यांनी बाबाने काचेवर दुसरी फिल्म ठेवली. एकही ठिपका नाही. "या उजेडाने तुमचा आजचा मेंदू उमटलाय. आणि जुनी बघा, कशी आक्रसली. त्यांची ताकद संपली. दोन्ही घरी न्या. नवी देव्हाऱ्यात ठेवा, जुनी स्वतःच्या हाताने जाळा." लोकांनी हात जोडले. फिल्म आक्रसते कशी, हे कोणी विचारलं नाही.

ताईने ती जाळली नाही. मला ती तिच्या उशीखाली सापडली.

"जाळवेना रे. हे आहेत ना त्यात," ती म्हणाली. तिचा चेहरा तांबारला होता.

मी शिंपी आहे. कात्री मध्येच अडखळली की कडेला बारीकशी पायरी पडते. तशी पायरी दोन्ही फिल्मच्या कडांना होती. शेजारी ठेवल्या तर एकीत दुसरी नेमकी बसली. मी तडक स्कॅन सेंटर गाठलं आणि तिथल्या तंत्रज्ञ बाईंना हॉलवर घेऊन आलो. ताईही आली.

बाईंनी दोन्ही तुकडे काचेवर जुळवले. "ही एकच फिल्म आहे, मधून कापलेली. आम्ही एकाच तपासणीत दोन तऱ्हेचे फोटो काढतो. एका तऱ्हेत हे ठिपके उजळतात, दुसरीत जवळजवळ दिसतच नाहीत. कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलीय. तारीख एकच, वेळेत फक्त पाच मिनिटांचं अंतर आहे."

"अश्रद्धेने उजेड मंदावतो," बाबा म्हणाला. पण लोक पाकिटं उघडून कडा चाचपू लागले होते.

ताईने मला हळूच विचारलं, "म्हणजे हे आलेच नव्हते?"

"नाही, ताई."

ती रडली नाही. दोन वर्षांपूर्वी दवाखान्याच्या दारात जशी उभी होती, तशीच उभी राहिली. दाजींना तिच्यापासून पुन्हा हिरावल्याची मला शरम वाटली आणि बाबाचा भयंकर राग आला.

तिथूनच तिला डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब एकशे नव्वद. ते म्हणाले, "असे ठिपके या वयात पुष्कळांना असतात. स्कॅन दुसऱ्याच कारणासाठी केलेला असतो आणि हे सापडतात. वय, रक्तदाब, अर्धशिशी यांच्या या बारीक खुणा. त्या काही पुसल्या जात नाहीत, पण वाढू नयेत म्हणून तर ती गोळी. आणखी काही दिवस बंद राहिली असती, तर पक्षाघातही होऊ शकला असता."

तुमच्या रिपोर्टात अशी ओळ आली तर घाबरा, त्याला माझी ना नाही. पण तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, कळेपर्यंत विचारा आणि कोणाच्या सांगण्यावरून गोळी सोडू नका. गेलेल्या माणसासाठी रडायला कोणाचा उजेड लागत नाही.

ताई आता रोज गोळी घेते. मीच देतो. ती हात पुढे करते, माझ्याकडे मात्र अजून बघत नाही.