भरलेली बादली

आमच्या तारनाक्याच्या घरात फ्लशची टाकी भरेपर्यंत आलेले पाहुणे चहा पिऊन निघूनही जायचे. त्यावर माझ्या सासऱ्यांचा, एकनाथरावांचा, तोडगा म्हणजे संडासात काठोकाठ भरून ठेवलेली बादली. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेला माणूस. काम होण्यापेक्षा पर्यायी व्यवस्था झाल्याचं समाधान मोठं.

ईशा, आमची मुलगी, नुकती धरून उभी राहायला लागली होती. एकदा ती त्या बादलीत वाकलेली दिसली. मी पाठीमागून उचललं तेव्हा तिचे केस पुढून ओले होते. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"दार लावून घेत जा," बाबा म्हणाले.

"उघडं तुम्हीच टाकता, बाबा."

"हवा खेळती नको का?"

पराग, माझा नवरा, दिवसभर अमेरिकेतले बंद पडलेले सर्व्हर सुरू करून देतो. घरातलं मात्र प्लंबरवर. "फोन केलाय. 'कल आतौं', उद्या येतो म्हणाला."

"इथला कल कधी उगवतो, माहीत आहे ना?"

"तू फार टेन्शन घेतेस, हर्षदा." मग त्याने टाकीदुरुस्तीचा व्हिडिओ बघितला आणि सोफ्यावरूनच निदान केलं, की अख्खी टाकी बदलावी लागेल.

मी ईशाला त्याच्या मांडीवर बसवलं आणि पाना घेऊन आत गेले. टाकीखालचा कॉक बंद केला, पाइप सोडवला. आत क्षार साचले असतील असं वाटलं होतं. निघालं फडकं. बाबांच्या जुन्या धोतराचं, दुहेरी घडीचं, गाळाने काळं पडलेलं.

"बाबा, हे काय आहे?"

"गाळणी. पाइप बदलला तेव्हा बसवली. स्वयंपाकघरातल्या नळाला नाही का बांधत आपण? बोअरच्या पाण्यात माती येते."

"संडासातलं पाणी कोण पिणार आहे?"

"गाळलेलं केव्हाही बरं."

पराग हसला. मी बघितल्यावर थांबला.

फडक्याशिवाय पाइप जोडला आणि कॉक उघडला. मी पाना पुसेस्तोवर टाकी भरली. मग बादली उचलली.

"असू दे ती," बाबा दारातून म्हणाले. "वेळप्रसंगी पाणी गेलं तर?"

"तर तेवढा वेळ थांबायचं, बाबा," मी म्हटलं आणि बादली त्यांच्यासमोर पालथी केली.

ईशा रांगत आली आणि पालथ्या बादलीवर दोन्ही हातांनी बडवायला लागली. मी तिला उचललं नाही.